दोन वाजताची एक घंटी

अमरावती
१२ मार्च २००७

श्री. जैनुद्दीन यांस,

नमस्कार. आपला परिचय नाही, म्हणून प्रथम माझा देतो. मी भगवंतराव गावंडे. येथील एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात अधीक्षक होतो. डिसेंबरात निवृत्त झालो. माझी पत्नी रुख्मिणी जानेवारीत दीर्घ आजाराने वारली.

तिच्या पश्चातही आमच्या घरचा फोन रोज दुपारी दोनच्या सुमारास एकदाच वाजतो आणि थांबतो. मी पोहोचेपर्यंत तो बंद झालेला असतो. प्रारंभी दुर्लक्ष केले. पुढे क्रमांक दाखवणारे यंत्र बसवून घेतले. क्रमांक अकोटचा असून तो आपल्या गादी भांडाराचा आहे, असे चौकशीअंती समजले. अकोटला आमचे कोणीही नातेवाईक नाही. गाद्या आम्ही येथेच भरून घेतो.

लिहिण्याचे कारण स्पष्ट सांगतो. नागपूरच्या डॉक्टरांनी रुख्मिणीस शस्त्रक्रिया सुचवली होती. ती प्रथम तयार होती. सप्टेंबरात तिने एकाएकी ठाम नकार दिला. तो तिच्या स्वभावास धरून नव्हता. तिला बाहेरचे कोणीतरी सल्ला देत असावे, असा माझा त्या वेळेपासूनचा संशय आहे. तो सल्ला कोणाचा होता, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे. आपल्या दुकानातून माझ्या पत्नीस कोण फोन करीत असे आणि कशासाठी, याचा लेखी खुलासा करावा.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
भगवंतराव गावंडे


अकोट
२० मार्च

भाऊजी, सलाम.

फोन मी करत होती. मी परवीन, जैनुद्दीनची घरवाली. मराठी शाळेत शिकली म्हणून पत्र मीच लिहून राहिली, चुकलं तर पदरात घ्या.

रुख्माताई गेली हे मले तुमच्या पत्रानं समजलं. हे दुकानात मोठ्यानं वाचत होते. "वारली" म्हणलं अन् थांबले. मी आत पिंजलेल्या कापसापाशी बसली होती. पुढचं मग त्यांनी मनातच वाचलं.

आता खुलासा. दोन वाजता टी.व्ही.वर "कडुनिंबाखालचे घर" ही मालिका लागते, तुमाले माहीत असनच. अकरा वर्षं झाले चालू होऊन. ताई अन् मी त्यातूनच भेटलो. ताई ओळखीतल्या एका लग्नाले अकोटले येऊन राहिली होती, मी माहेरून परत येत होती. अंजनगावले एस.टी. बंद पडली. बाकीचे लोक कंडक्टरशी भांडत होते अन् आम्ही दोघी एकाच वेळी धावत एका कापड दुकानात घुसलो, टी.व्ही. दिसला म्हणून. मालक म्हणे, काय दाखवू? ताई म्हणे, काहीच नको, फक्त सरका. त्या दिवशी मालिकेतल्या वाड्याच्या मालकीण माईसाहेबांचं तोंड पहिल्यांदा दिसलं. त्याच्या आधी सालभर नुसता किल्ल्यांचा जुडगाच वाजायचा.

मंग लोडशेडिंगमध्ये लाईन जाणं सुरू झालं. तुमच्याकडे असली तर आमच्याकडे नाही, आमच्याकडे असली तर तुमच्याकडे नाही. म्हणून आम्ही ठरवलं, जिच्या घरची लाईन गेली तिनं दोन वाजता एक घंटी द्यायची. मंग दुसरीनं नीट पाहायचं अन् मागून फोन करून सगळं सांगायचं. एका घंटीले पैसे लागत नाहीत.

दिवाळीनंतर ताई म्हणाली, परवीन, आता मी उचलणार नाही, बोलायले दम लागते. पण तू रोज एक घंटी देत जा, लाईन असो का नसो. पडल्या पडल्या मले समजते, दोन वाजले. म्हणून देत होती. कोणी बंद कर म्हणलं नाही.

तुमची,
परवीन


अमरावती
२८ मार्च

श्रीमती परवीन यांस,

आपले पत्र पोहोचले. सांत्वनाबद्दल आभारी आहे.

तथापि, आपल्या निवेदनाबाबत माझे समाधान झालेले नाही. दहा वर्षांच्या मैत्रीचा माझ्या पत्नीने माझ्याजवळ कधी उच्चारही केला नाही, ही गोष्ट मला विचित्र वाटते. ती मालिका पाहत असे, हे मला ठाऊक होते. मी ती कधी पाहिली नाही. परीक्षा विभागात माझी हयात कॉपी पकडण्यात गेली असल्याने, न पडताळता उत्तर मान्य करण्याची मला सवय नाही.

आमचे शेजारी देवराव यांच्या पत्नी मैनाबाई ही मालिका नित्य पाहतात. त्यांच्याकडे इन्व्हर्टर असल्यामुळे त्यांचा एकही भाग चुकलेला नाही. त्यांच्या साहाय्याने तीन प्रश्न काढले आहेत. कृपया कोणास न विचारता उत्तरे द्यावीत.

एक, यशवंत परत आला तेव्हा त्याला कोणी ओळखले नाही? दोन, दामिनी सध्या कोठे आहे? तीन, वसुधाच्या आजाराचे पुढे काय झाले?

भ. गावंडे


अकोट
५ एप्रिल

भाऊजी,

तुमचा पेपर मिळाला. हे म्हणतात, पास झाली तर प्रमाणपत्र देतील काय विचार. अन् तुमचं पहिलं पत्र यांनी अजून जपून ठेवलं आहे. म्हणतात, ह्या वयात माह्यावर कोणी असा संशय घेईन असं वाटलं नव्हतं.

एक. कुत्र्यानं ओळखलं नाही. यशवंत लढाईले गेला अन् दुसऱ्याच तोंडानं परत आला. पहिल्या नटानं काम सोडलं असन. माय गळ्यात पडली, बायको रडली, साऱ्या घरानं ओळखलं. कुत्रं मात्र भुंकतच राहिलं, त्याले वाड्याबाहेर बांधा लागलं. ताई म्हणे, त्या घरात तेवढं एकच इमानदार आहे.

दोन. दामिनी वर आहे. सात वर्षं झाले, "अभ्यास करते गं आई" म्हणून जिना चढली ते पोरगी खाली आलीच नाही. घरात कोणी नावही काढत नाही. तिच्या बहिणीचं लग्न लागलं, दिवाळीपासून होळीपर्यंत चाललं, तरी नाही. लिहिणारे विसरले, आम्ही नाही विसरलो. माईसाहेब जेवायले बसल्या की ताई मले फोनवर विचारे, "तिचं ताट वर नेलं काय गं कोणी?" म्हणायची, ते पोरगी खाली आल्याशिवाय मी काही मरत नाही.

अजून विचारा. कोर्टाची केस विचारा, माईसाहेबांची जुळी बहीण विचारा, आंधळी झालेली अन् पापड लाटताना दिसायले लागलेली काकू विचारा. येथे दुकानात गिऱ्हाईक नाही. कापसाले भाव नाही त्या साली लोक जुन्याच गादीवर निजतात. मले वेळच वेळ आहे.

परवीन


अमरावती
१४ एप्रिल

श्रीमती परवीन यांस,

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. तिसरे उत्तर आपण दिलेले नाही. ज्या विद्यार्थ्याला सर्व येते, तो एखादाच प्रश्न सोडून देतो, तेव्हा मी तो प्रश्न पुन्हा वाचतो.

वसुधाचे काय झाले, ते मी मैनाबाईंकडून ऐकले. तिला रुख्मिणीसारखाच आजार होता. तिने शस्त्रक्रियेस नकार दिला आणि मागील पोळ्याच्या दिवशीच्या भागात ती मरण पावली.

आता मला काय सांगण्यात आले होते, ते ऐका. सप्टेंबरात नागपूरला जाण्याची पिशवी भरलेली असताना रुख्मिणी म्हणाली, "मी येत नाही. वसुधानं ऑपरेशन केलं नाही, साध्या औषधानं बरी झाली. आता वाड्यात पापड वाळू घालते." मी थक्क झालो. नागपूरच्या तज्ज्ञाचे मत एका बाजूस आणि दुपारच्या मालिकेतील बाई दुसऱ्या बाजूस! मी समजावले, संतापलो, कित्येक दिवस अबोला धरला. ती ढळली नाही.

वसुधा मेली असताना ती बरी झाल्याचे रुख्मिणीस कोणी सांगितले? आपल्याच पत्राप्रमाणे, आमच्याकडे वीज नसे तेव्हा कथा सांगणारी व्यक्ती एकच होती. आपला हेतू चांगला असेल. आजारी मैत्रिणीस वाईट बातमी कशाला सांगावी, असा विचार आपण केला असेल. परंतु त्या एका असत्यावर विसंबून माझ्या पत्नीने शस्त्रक्रिया नाकारली. हे खरे किंवा खोटे, एका शब्दात कळवावे.

भ. गावंडे


अकोट
३ मे

भाऊजी,

खरं आहे. मीच सांगितलं होतं, वसुधा बरी झाली म्हणून.

माह्यावर जितकं रागवायचं तितकं रागवा. मी उत्तर देणार नाही. घंटीही देणार नाही आता.

परवीन


अमरावती
१० मे

श्रीमती परवीन यांस,

आपला कबुलीजबाब मिळाला. पहिले तीन दिवस मी तो खरा मानला. आपणास बोलावयाची सर्व वाक्ये मी मनात तयार केली होती. ती लिहून काढण्यास बसलो तेव्हा मुद्दा तपासण्याची सवय आड आली.

मागील पोळ्यास कार्यालयास सुट्टी होती, म्हणून मी घरी होतो. सायंकाळी मैदानावर बैल पाहण्यास गेलो. तोरणाखाली जोड्या इतक्या थोड्या होत्या की पोळा लवकरच फुटून बैल पांगले. त्याआधी दुपारी जेवून आडवा झालो होतो. फोन एकदा वाजला आणि थांबला. मी विचारले, "कोण होते?" रुख्मिणी म्हणाली, "राँग नंबर असन." नंतर पुढच्या खोलीत टीव्ही लागला. माझ्या डोक्यावर पंखा फिरत होता. काही वेळाने टीव्हीत बायका मोठमोठ्याने आक्रोश करू लागल्या. मी ओरडून सांगितले, "आवाज कमी कर." आवाज कमी झाला.

म्हणजे त्या दिवशी वीज आमच्याकडे होती. आपल्याकडे नव्हती, कारण घंटी आपण दिली होती. वसुधाचा मृत्यू रुख्मिणीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. तो आपणास तिने सांगितला. आपण तिला नव्हे. तेव्हा आपला कबुलीजबाब खोटा आहे.

चिठ्ठी लपवणारे विद्यार्थी मी शेकड्यांनी पाहिले. दुसऱ्याची चिठ्ठी स्वतःच्या खिशातून काढून देणारा आजवर पाहिला नव्हता. आपण कोणाला वाचवत आहात? आणि रुख्मिणी माझ्याशी खोटे का बोलली? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत मला दुसरे काही करता येत नाही. आपण उत्तर टाळल्यास मी अकोटला येऊन दुकानाच्या पायरीवर बसेन.

भगवंतराव


अकोट
२१ मे

भाऊजी,

हे म्हणतात, सांगून टाक, नाहीतर ते खरंच येऊन बसतील अन् दुकानात आहे तेवढंही गिऱ्हाईक पळून जाईन. मी ताईची कसम खाल्ली होती. मोडून राहिली. वर भेटल्यावर तिच्या शिव्या मी खाईन.

नागपूरले तुम्ही रिपोर्ट घ्यायले लाईनीत उभे होते. तेवढ्यात ताई एकटीच डॉक्टरच्या खोलीत गेली. म्हणे, मले सरळ सांगा, मी काही रडणार नाही. डॉक्टरनं सांगितलं, ऑपरेशन केलं तरी दोन-चार महिनेच वाढतील, अन् तेही दवाखान्यातच जातील. ताई म्हणाली बरं, अन् बाहेर येऊन बाकावर बसली. तुम्ही आले तर म्हणे, चहा घेऊ काय. आठवते काय तुमाले?

पोळ्याच्या दिवशी तुम्ही निजल्यावर तिनंच मले फोन केला. म्हणे, परवीन, वसुधा गेली. लय चांगली गेली, सारे जण भोवताल होते. मी रडायले लागली. ताई म्हणे, रडू नको, मले काम सापडलं. आता यांना सांगते का वसुधा बरी झाली. मी म्हणलं, भाऊजीले समजन ना. ते हसली. म्हणे, "साऱ्या घरात एवढी एकच जागा आहे जिथं ते कधीच पाहत नाहीत. तिथं ठेवलेलं त्यांना सापडत नाही."

मी म्हणलं, काहून खोटं बोलतं? खरं सांग, ते ऐकतील. ताई म्हणे, ऐकतील ना. मंग रोज माह्यासमोर बसून राहतील, शोकसभेले बसल्यासारखे. मी त्यांना ओळखते. दुःख झालं की हा माणूस ताट सारते. रागात मात्र दोन भाकरी जास्त जेवते. मले मूर्ख समजून रागावू दे त्यांना. तोंड फिरवून का होईना, जेवतील तर.

जेवले होते काय तुम्ही?

मीही त्याच्यासाठीच खोटं लिहिलं, भाऊजी. तुमच्या पहिल्या पत्रातच समजलं का माणूस जेवत नसन. वाटलं, माह्यावर रागावले तर जेवतील.

परवीन


अमरावती
१४ जुलै

परवीनताई,

उत्तरास उशीर झाला. आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. होय, जेवलो होतो. त्या अबोल्याच्या दिवसांत ती समोर भाकरी टाकत असे आणि मी एक शब्द न बोलता सर्व संपवत असे. तिसरी भाकरी न मागताच ताटात येत असे. मी तो तिचा पश्चात्ताप समजत होतो.

नागपूरचा चहाही आठवला. तिने स्वतःचा कप अर्धा मला दिला होता.

गेला दीड महिना मी दोन वाजता टीव्ही लावतो आहे. सुरुवातीस मला काहीच उमगले नाही. एकाच बाईला तीन मुले तीन नावांनी आई म्हणतात. मैनाबाईंना विचारावे लागे. हळूहळू सवय झाली. आक्रोशाच्या वेळी देवराव भिंतीपलीकडून ओरडतात, "गावंडे साहेब, आवाज कमी करा ना बापा." मी करत नाही.

काल मालिकेचा अखेरचा भाग होता, हे आपणास ठाऊकच आहे. मी वेळेवर बसलो. सर्व मंडळी कडुनिंबाखाली फोटोसाठी जमली होती. माईसाहेब मध्यभागी बसल्या. फोटोवाल्याने मान वर केली. तेवढ्यात माईसाहेबांनी हात दाखवून त्याला थांबवले आणि जिन्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "अगं, ती राहिली ना." सर्वांनी वळून पाहिले. वर कोठेतरी दार वाजले. आणि आमच्याकडची वीज गेली.

पडदा काळा झाला. पंखा फिरत फिरत थांबला.  मग उठलो आणि आपल्या दुकानाचा क्रमांक लावला. एक घंटी वाजू दिली आणि फोन खाली ठेवला. आयुष्यात मी कोणास अर्धवट फोन केलेला नाही. 

अडीचला आपला फोन आला. आपण सारे सांगत होता, मधेच रडत होता. मी "ठीक आहे" एवढेच म्हणालो. म्हणून हे लिहितो आहे. आपण सांगितले की दामिनी जिन्यावरून खाली आली. हातात पुस्तक होते. कोणीही तिला विचारले नाही की इतकी वर्षे कोठे होतीस. माईसाहेब थोड्या सरकल्या, तिला जवळ बसवले आणि विचारले, "जेवलीस काय?" त्यानंतर फोटो निघाला.

आता एक विनंती. आजपासून दोन वाजता दाखवायला काही उरलेले नाही. तरी घंटी चालू ठेवावी. मी उचलीन. आपण मला ही मालिका प्रारंभापासून सांगा, अंजनगावच्या कापड दुकानापासून. घाई नाही. जेथे आपण दोघींनी काही बदलले असेल, तेथे बदललेलेच सांगा.

मैनाबाईंनी इन्व्हर्टरवर तो भाग शेवटपर्यंत पाहिला आहे. काल सायंकाळी त्या कुंपणापाशी आल्या आणि म्हणाल्या, "शेवट पाहिला काय, साहेब?"

मी म्हणालो, "होय. दामिनी खाली आली."

त्या काहीतरी सांगणार होत्या. मी त्यांना नमस्कार केला आणि घरात आलो. त्यांना काहीही विचारलेले नाही. विचारणारही नाही.

आपला भाऊजी,
भगवंतराव